बाळंतिणीचा तुकडा

प्रिय अण्णा,

आज १९ जानेवारी, सकाळचे सव्वासात. मी ओसरीवर बसून सुकट चाळत होतो. खडे आणि शिंपल्यांच्या कपच्या वेगळ्या काढल्या, चाळणी बाजूला ठेवली आणि वही घेतली. नऊच्या गाडीने उमरग्याच्या बाजाराला जायचं आहे. तिथे मला चारचौघांत एक गोष्ट बोलायची आहे, आणि ती तुमच्याबद्दलही आहे. म्हणून आधी तुम्हाला सांगतो.

तुम्ही जाऊन चार महिने झाले. सुरेखाताईला आता सातवा लागला. पहिल्या बाळंतपणासाठी ती माकणीला आपल्या घरी आली, त्याच दिवशी आईने फळीवरचा तुमचा पत्र्याचा डबा खाली काढला. आत कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेले वाळलेल्या मुशीचे चार मोठे तुकडे. ताईला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हाच तुम्ही ते बाजूला काढले होते. आई नुसती डबा धरून बसली होती.

तुम्ही आयुष्यभर वाळला मासा विकला, पण समुद्र कधी पाहिला नाही. किनाऱ्यावर बाळंतिणीला मुशी देतात, त्याने दूध येतं, असं सोलापूरच्या व्यापाऱ्याने तुम्हाला कधीतरी सांगितलं. तेव्हापासून कुणाच्या घरी लेकसून बाळंतपणाला असली, की तुम्ही एक तुकडा तसाच द्यायचात. पैसे घ्यायचा नाहीत. लोकही येऊन "बाळंतिणीचा तुकडा" म्हणूनच मागायचे. मी लहानपणी एकदा मुशीची भाजी मागितली, तर म्हणालात, "आपलं प्वाट सुकटीवर भरतंय की. ती पोटुशी बाईची चीज हाय."

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. कुलूप लावून तीनदा ओढून बघतो. धंदा माझ्या हाती आला, तेव्हा माल येतो कुठून ते डोळ्यांनी बघावं असं वाटलं. व्यापाऱ्याला विचारलं, ही सुकट कुठली? तो म्हणाला, "समुद्रातली. डोंगरावर उगवती का?" मग मी स्वतःच किनाऱ्यावर गेलो.

खाडीच्या तोंडाशी एक गाव आहे. तिथे एक म्हातारी कोळीण जाळ्यावर सुकट वाळवत होती. मी भाव विचारला. ती म्हणाली, "घे ना. पण आमच्या घरात ही नाय शिजवत. वरून कारखान्याचं पानी येतं. आम्ही बाहेरच्या दर्याचीच खातो."

तिथेच कॉलेजातली एक मुलगी तपासणीसाठी मासे पिशव्यांत भरत होती. तिला मी मुशीचं विचारलं. ती म्हणाली, "पाण्यातलं पाऱ्यासारखं रसायन आधी किड्यामुंग्यांएवढ्या जिवांत जातं. ते जीव बारीक मासा खातो, बारीक मासे मोठा मासा खातो. प्रत्येकाच्या अंगात आधीच्याचं साठत जातं. मुशी म्हणजे शार्कच, शिकारी मासा, वर्षानुवर्षं जगते. पारा सगळ्यात जास्त तिच्यात. पोटातल्या बाळाच्या मेंदूला तो बाधतो."

मी विचारलं, "गरम पाण्यानं तीनदा धुतलं तर?"

"दादा, ते माशाच्या अंगावर नाही, मांसात आहे."

मी ते तिच्याकडून वहीत लिहून घेतलं. बारीक मासा चांगला, पण खाडीचा नको. मोठा शिकारी मासा गरोदर बाईला आणि अंगावर पाजणारीला नको. दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरोबर आहे.

अण्णा, किडीची पावडर मारलेला माल तुम्ही नुसत्या वासावर ओळखून परत पाठवायचात. याला तर वासच नाही. पण माल कुठला, हे तुम्ही एकदा तरी विचारायला हवं होतं. आणि आपण सुकट खाऊन राहिलो, चांगलं म्हणून लोकांच्या लेकीसुनांना मुशी दिली, याचं मी काय करू?

आता माझी चूक सांगतो. परत आल्यावरच्या पहिल्या बाजारात उमरग्याचे आपले जुने गिऱ्हाईक पिराजीमामा आले. त्यांच्या सुनेला आठवा आहे. म्हणाले, "दे रं, बाळंतिणीचा तुकडा. तुज्या बापानं माज्या दोनी लेकींना दिलता." वही माझ्या खिशात होती. तरी मी कागदात बांधून दिला. तुमचं नाव त्यांनी घेतलं आणि माझी जीभ उचलली नाही.

घरी येऊन ताईला मात्र म्हणालो, हे खाऊ नकोस.

ती भडकली. "अण्णांनी माज्यासाठी ठिवलंय ते! दोन दिवस समिंदर बगून आलास आन् बापाला शिकवायलास व्हय?"

मी वही वाचून दाखवली. तिने ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "आन् पिराजीमामाच्या सुनंला दिलास ते? तिच्या पोटात काय दगूड हाय?"

मी म्हणालो, मग बाजारातही सांगावं लागेल. आई म्हणाली, "बाजारात बोलू नगंस बाबा. गेल्या माणसाचं नाव घालवशील."

ताईने डबा परत फळीवर ठेवला. "तू बाजारात समद्यांदेखत सांग," ती म्हणाली. "मंग म्या ह्याला हात लावणार न्हाय. न्हाय सांगितलंस, तर तुजं तुलाच खरं वाटत न्हाय असं समजंन, आन् अण्णांचं खाईन."

तेव्हापासून रोज सकाळी उठलो, की आधी फळीवर बघतो. डबा अजून उघडलेला नाही.

अण्णा, आईला वाटतं तसं तुमचं नाव जाईल का? थोडं जाईल. तुम्ही मनापासून दिलंत, हेही मी सांगेन. पण आपणच दिलं, हे गाळणार नाही.

मी शब्द देतो. उमरग्यात उतरल्यावर दुकानाचं पाल मांडायच्या आधी पिराजीमामांच्या घरी जाईन आणि तो तुकडा परत मागेन. सुनेने खाल्ला असेल, तर तिला घेऊन दवाखान्यात जाईन आणि डॉक्टरला वही दाखवेन. मुशी आजपासून विकणार नाही. सुकट कुठल्या पाण्यातली, हे कळल्याशिवाय पोतं घेणार नाही. आणि कुणी बाळंतिणीचा तुकडा मागितला, तर नाही म्हणेन आणि का नाही तेही सांगेन, तुमचं नाव घेतलं तरी.

तुमचा,
नवनाथ