डेटा आल्यातच जमा

१ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ८.१०

आजपासून रोज लिहायचं. पुढेमागे कुणी विचारलं की शोध नेमका कसा लागला, तर तारीखवार नोंद असलेली बरी.

सध्याची स्थिती: सात देश, एकोणीस माणसं, एक दुर्बीण. दुर्बीण स्पेनमधल्या डोंगरावर, सातही देशांच्या सामाईक मालकीची. प्रकल्पाचा प्रमुख मी. तीन वर्षं अर्ज करून अखेर बारा तास मिळाले, तेही 'अ' श्रेणीत. एका श्वेतबटू ताऱ्याने आपला ग्रह गिळलाय, चुरा अजून भोवती फिरतोय, तो मोजायचा. फेब्रुवारी लागला की तारा सूर्याच्या उजेडात बुडतो. म्हणजे हातात चार महिने. बारा तासांना चार महिने! चैन आहे.

माझं कॉन्ट्रॅक्ट ३१ मार्चला संपतं. शेफबाई (इथे बॉसला शेफ म्हणतात) म्हणाल्या, १० फेब्रुवारीपर्यंत डेटा दाखव, दोन वर्षं वाढवून देते. म्हटलं, जा, गेनाऊ. जर्मनमध्ये 'हो, अगदी'.

क्षितिजाला फोन केला. सांगितलं, तीन वर्षांचा वीकेंड-संसार संपला समज. ती स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेनला गाड्यांचे ब्रेक तपासते, मी म्युनिकशेजारच्या गार्चिंगला तारे. दर शुक्रवारी दोघांपैकी एक जण ट्रेनमध्ये. ती म्हणाली, तुझा डेटा आला की सांग, मग मी म्युनिकची नोकरी घेते. त्याआधी नाही.

बायको इंजिनिअर असली की उत्साहाला हा असा ब्रेक.

३ ऑक्टोबर. सुट्टी

अटी भरल्या. हल्ली डोंगरावर स्वतः कुणी जात नाही. आपण अटी लिहून रांगेत उभं राहायचं. तशी रात्र आली की तिथली माणसं आपलं काम उरकतात. मुख्य अट सीइंगची, म्हणजे हवा किती थरथरते त्याची. आकडा जितका लहान तितका तारा टोकदार. मी लिहिलं ०.५. शिवाय चंद्र अजिबात नको, ढगाचा धागाही नको, आणि तारा डोक्यावर असतानाच.

४ ऑक्टोबर

शमिका (समोरचं टेबल, पीएचडी, मूळची नाशिकची) म्हणाली, दादा, त्या डोंगरावर ०.५ वर्षातून मोजक्या रात्री होतं, तेही चंद्र-ढग न बघता. तिने स्वतः प्रत्येक रकान्यात 'काहीही चालेल' लिहिलंय. 'क' श्रेणी! मी तिला शांतपणे समजावलं की पोह्यांवर ओलं खोबरं नसेल तर मी पोहे खात नाही. ती म्हणाली, मी खाते.

निकष म्हणून काही राहिला नाही या मुलांना.

९ ऑक्टोबर. दुपारी

टेलिकॉन, म्हणजे सातही देशांची फोनवर बैठक. तारीख ठरवायला अकरा दिवस लागले, पण ठरली. करारनामा मंजूर. कलम सात माझं: निरीक्षणाच्या अटींत कोणताही बदल सातही देशांच्या लेखी संमतीशिवाय होणार नाही. हे मुख्यतः इटलीसाठी. मागच्या प्रकल्पात इटालियन महाशयांनी परस्पर फिल्टर बदलला होता. आता बदलून दाखवा म्हणावं.

नंतर पेपरवर कुणाचं नाव कितवं, यावर एक तास चाळीस मिनिटं. चौथं आणि पाचवं अजून वादात.

१८ ऑक्टोबर

ढग.

२२ ऑक्टोबर

ढग.

२३ ऑक्टोबर

वारा. दुर्बीण बंद.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन. स्टुटगार्ट

सासूबाई व्हिडिओवर. म्हणाल्या, हृषिकेशराव, तुमच्या दुर्बिणीचं काही झालं का? म्हटलं, आई, आज अमावस्या, म्हणजे आमची पर्वणी. त्या म्हणाल्या, अहो, पण दिवाळीत काम कोण करणार? म्हटलं, स्पॅनिश लोक करतील. मग रांग, अटी, सगळं समजावलं. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, म्हणजे तुम्ही काहीच करायचं नसतं का?

सासूबाईंना विज्ञान कळत नाही. क्षितिजा चकल्या तळायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

२ नोव्हेंबर. सकाळी ८

डोंगरावरचा नाइट रिपोर्ट: आकाश स्वच्छ, सीइंग ०.७. कामं झाली: डॅनिश ३ तास, पोलिश २, शमिका ४. मी: शून्य.

चांगलंच आहे. गर्दी कमी होतेय. रांगेत पुढे सरकलो.

१२ नोव्हेंबर

डोंगरावरच्या मारिसोलबाईंचं पत्र. त्या तिथल्या रांगेचं काम बघतात. लिहितात, प्रिय हृषिकेश, अट ०.८ केलीस तर गेल्या आठवड्यातच तुझे पाच तास झाले असते. ०.८ वर तुझं विज्ञान अडेल का?

मुद्दा अडण्याचा नाही. मी तीन परिच्छेदांचं उत्तर लिहिलं. त्यात दर्जा, युरोपीय सहकार्य आणि पुढच्या पिढ्या आल्या. एकोणीस जणांना प्रत पाठवली. फिनलंडने 'लाइक'चा अंगठा पाठवला.

१३ नोव्हेंबर

मारिसोलबाईंचं उत्तर: ओके.

निरुत्तर झाल्या.

२९ नोव्हेंबर

दोन महिने संपले. शून्य मिनिटं. याचा अर्थ सरासरीच्या नियमाने पुढचे दोन महिने उत्तम जाणार.

वेळ वाया जाऊ नये म्हणून पेपरची प्रस्तावना लिहिली. प्रेस नोटही. शीर्षक: 'ताऱ्याच्या पोटातला ग्रह'. पोलंडचं म्हणणं, सातही देशांच्या भाषांत एकाच वेळी निघावी. तेवीस पत्रं झाली.

रोज आठऐवजी सातला उठायचा संकल्प. रिपोर्ट आठलाच येतो, पण तयारीत असलेलं बरं.

१० डिसेंबर

मारिसोलबाईंचं परत पत्र. ०.५ सोडच, ०.६सुद्धा महिन्यात दोनदाच. त्यातल्या एकदा चंद्र, एकदा ढग. त्यांना चिडचिड झालेली दिसते. डोंगरावर एकटं राहून होतं.

मी एक पाऊल मागे घ्यायला तयार होतो, पण कलम सात. सात देशांना आता नाताळाच्या तोंडावर कुठे त्रास द्यायचा.

शमिकाचं ७० टक्के झालं. अभिनंदन केलं. मनापासून. जवळजवळ.

१५ डिसेंबर, रविवार. ट्रेनमध्ये, उल्मपाशी गाडी पाऊण तास उभी

क्षितिजाला म्युनिकहून ऑफर आली. १ एप्रिलला रुजू व्हायचं. इथे तीन महिन्यांची नोटीस, म्हणजे राजीनामा ३१ डिसेंबरच्या आत. ती म्हणाली, मला एकदाच खरं सांग, होणार आहे की नाही? नसेल तर तू इकडे बघ काहीतरी, मी इथेच थांबते. मला काहीही चालेल रे, फक्त एका गावात.

मी म्हटलं, ३० ला अमावस्या आहे. तोपर्यंत थांब.

उगाच काळजी करते.

२९ डिसेंबर. सकाळी ८.०४

झालं! झालं! सीइंग ०.४९! आपलं निरीक्षण सुरू झालं! रिपोर्टमध्ये स्वच्छ लिहिलंय: सुरू.

८.२०

पुढची ओळ आत्ता वाचली. एकवीस मिनिटांनी थांबवलं. कुठल्याशा आकाशगंगेत तारा फुटला. असं काही झालं की ते काम सगळ्यांच्या आधी. सातही देशांच्या करारात तसं लिहिलंय. एकवीस मिनिटांचा डेटा नियमाप्रमाणे बाद.

कोट्यवधी वर्षांपूर्वी फुटलेला तारा. कालच दिसायचा होता.

पण मुद्दा काय, ०.५ होऊ शकतं. हे सिद्ध झालं. शमिकाला लगेच कळवलं.

३१ डिसेंबर. दुपारी १२

क्षितिजाचा फोन. एचआरच्या दारात उभी आहे म्हणाली. दोनला बंद होतं. काय करू?

मी म्हटलं, सुरू झालंय. हे खोटं नाही, रिपोर्टमध्ये तोच शब्द आहे. ती म्हणाली, म्हणजे आला डेटा? म्हटलं, आल्यातच जमा.

ती इतकी हसली. खूप दिवसांनी अशी हसली.

तिने राजीनामा दिला.

७ जानेवारी

झोप नीट लागत नाहीये. अट ०.८ करायची, ठरलं. याला माघार म्हणता येणार नाही, ही लवचिकता. मारिसोलबाईंना कळवलं. त्यांनी तासाभरात लिहिलं, आनंदाने, फक्त तुमच्या करारनाम्याप्रमाणे सातही देशांची लेखी संमती लागेल, ती थेट माझ्याकडे येऊ दे. कलम सात.

सहाही देशांना पत्रं पाठवली. 'तातडीचे' असं लाल अक्षरांत.

१३ जानेवारी

पोलंड: हो. डेन्मार्क: हो. काल रात्री सीइंग ०.७, स्वच्छ, चंद्र मात्र भरलेला. परवा-तेरवा चंद्र उशिरा उगवू लागेल. अजून वेळ आहे.

१७ जानेवारी

फिनलंड स्कीइंगला गेलंय. पूर्ण फिनलंड. स्वयंचलित उत्तर आलं.

२१ जानेवारी

रात्री स्वच्छ, ०.६, काळोख. शमिका १०० टक्के. काम संपून उरलेला वेळ कुणाला हवा आहे का, असं तिने ग्रुपवर विचारलं. प्रकल्पाबाहेरच्या ताऱ्याला तो वापरता येत नाही. माहीत आहे मला. तरी तीन वेळा वाचलं.

२४ जानेवारी

फिनलंड हो. पोर्तुगाल हो. स्पेन हो. इटली गप्प. मला ठाऊकच होतं. कलम ज्याच्यासाठी केलं, त्यानेच धरून ठेवलंय. दोन फोन केले, उचलले नाहीत. चौथ्या नावाचा राग असणार. चौथं नाव देऊन टाकलं. दुसरं हवं असेल तर दुसरं घे म्हणावं.

२९ जानेवारी. अमावस्या

रिपोर्ट: आदर्श रात्र. सीइंग ०.५५. रात्रीचा पहिला तास दुर्बीण रिकामी होती, 'योग्य काम रांगेत नाही'. तो तास आपल्या ताऱ्याचा होता.

रिकामी होती.

इटलीला खरमरीत पत्र. मारिसोलबाईंना प्रत.

३० जानेवारी

मारिसोलबाईंचं उत्तर. इटलीची संमती ७ जानेवारीलाच आली, पहिल्या वीस मिनिटांत, शुभेच्छांसह. सहा देश पूर्ण आहेत. फक्त जर्मनीची आलेली नाही. जर्मनीतर्फे सही करणारी व्यक्ती कोण, कृपया कळवावे.

जर्मनीतर्फे मी आहे.

१० मिनिटांनी

पाठवली.

३ फेब्रुवारी

मंजूर. अट ०.८. प्रणालीत हिरवा टिक. शेजारी दुसरी ओळ: तारा आता पुरेसा वेळ दिसत नाही, पुढची संधी ऑगस्ट.

इटलीची माफी मागितली. त्यांनी लिहिलं, होतं असं, आणि दुसऱ्या नावाबद्दल आभार.

१० फेब्रुवारी

शेफबाईंना सात देश, एकोणीस लेखक आणि प्रस्तावना दाखवली. त्यांनी प्रस्तावना छान आहे म्हटलं. मग आकडे विचारले. आल्झो, म्हणाल्या, म्हणजे नुसतंच 'तर मग'. मग कॉफी स्वतः आणून दिली. त्या कुणाला कॉफी आणून देत नाहीत.

१४ फेब्रुवारी

क्षितिजाला या वीकेंडला सांगायचं.

१६ फेब्रुवारी

पडद्यांचं कापड बघत होती. पुढच्या वीकेंडला.

२३ फेब्रुवारी

तिला ऑफिसमध्ये निरोपाचा केक झाला. त्यावर म्युनिकचं चर्च काढलं होतं. फोटो दाखवला. सांगता आलं नाही.

६ मार्च

पंचवीस अर्जांत एक होकार. गाड्यांच्या कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर. हवा थरथरली तरी समोरचा माणूस ओळखता आला पाहिजे, असं काम. पगार बरा. आठवड्याचे पाचही दिवस हजेरी, घरून काम नाही.

पत्ता त्सुफेनहाउझेन.

व्हिसाची मुदत बघता नाही म्हणणं शक्य नव्हतं. सही केली. क्षितिजाची जुनी नोकरी तिथून बसच्या तिसऱ्या स्टॉपवर. तिची जागा भरली गेली आहे, तपासून पाहिलं. तिच्या फ्लॅटची नोटीस अजून द्यायची आहे, म्हणजे मला घर शोधावं लागणार नाही. तिलाही नाही, गार्चिंगचं आहेच.

दर शुक्रवारी दोघांपैकी एक जण.

१४ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी

क्षितिजा टेप घेऊन आली होती, खिडक्यांची मापं घ्यायला. दोन खिडक्या मोजून झाल्यावर सांगितलं. सगळं. एकवीस मिनिटं, कलम सात, जर्मनीची सही, त्सुफेनहाउझेन. लाज वाटत होती, तरी एकदा सुरू केल्यावर थांबलो नाही.

वाटलं होतं, ओरडेल. ती टेप गुंडाळत राहिली. मग म्हणाली, मी एचआरच्या दारात होते तेव्हा तुला माहीत होतं? म्हटलं, एकवीस मिनिटांचं माहीत होतं. ती म्हणाली, हं.

पलंगाच्या कडेवर बसली. मग तिने एवढंच विचारलं की सुरुवातीलाच ०.८ लिहिलं असतं तर तुझं ते मोजमाप झालं असतं का. चाललं असतं का तेवढं.

समजावायला गेलो, की तत्त्वतः, दर्जाच्या दृष्टीने, चुऱ्यातल्या रेषा जरा पुसट आल्या असत्या. ती माझ्याकडे बघत होती.

चाललं असतं, म्हटलं.