कांद्याची पेशी, पाहिली तशी

१८ नोव्हें., मंगळ.
सकाळी सातला परब बाईंचा फोन. लालबागला एकाच मजल्यावर वाढलो, त्यामुळे नायगावच्या शाळेत मुख्याध्यापिका झाल्या तरी मला ऑर्डरच सोडतात. "विज्ञानाच्या शिंदे मॅडमना मतदारयादीच्या ड्युटीवर उचललंय. दोन आठवडे तू ये. आठवी ब, पेशींचा धडा."
म्हटलं, बी.एस्सी. होऊन चाळीस वर्षं झाली.
"मग पेशी बदलल्यात का रे?"
'येतो' म्हणून फोन ठेवला. बत्तीस वर्षं उपसंपादक, विज्ञान पुरवणी माझ्याकडे. 'पेशी म्हणजे छोटा कारखानाच' हे वाक्य निदान सहा वेळा छापलंय. जमेल.

२० नोव्हें., गुरु.
पहिलं प्रॅक्टिकल. कांद्याचा पापुद्रा. मुलं अडतीस, मायक्रोस्कोप एक. तोही दुसऱ्या तासालाच चालतो. त्याच्या आरशाला खिडकीतला उजेड लागतो, आणि अकरानंतर समोरच्या नव्या टॉवरची सावली खिडकीवर येते.
स्लाइड मीच केली. कांदा घरचा. दिसलं झकास! गोल, काळी जाड कड, मध्ये लख्ख. म्हटलं, हे केंद्रक. वीस मिनिटं बोललो. मागच्या बाकावरचा ओंकार म्हणाला, "सर, हे हलतंय." म्हटलं, जिवंत आहे ते.
सगळ्यांनी सुरेख काढलं. फक्त पहिल्या बाकावरच्या ऋतुजाने (बोलते कमी, बघते फार) फिकट विटांसारखे चौकोन काढले, एकेका कडेला बारीक ठिपका. मी लाल पेनाने काट मारली. 'केंद्रक कुठे?'
"सर, मी स्लाइड जराशी सरकवून बघितली. मला असंच दिसलं."
"नीट बघ. पुन्हा काढ."
तिने खोडलं. खोडरबर चांगलं नव्हतं. कागद काळा झाला.

२१ नोव्हें., शुक्र.
घरी जर्नल तपासली. समाधान वाटलं. सगळ्यांचं एकसारखं. आता ऋतुजाचंही.
मंदा भाजी निवडता निवडता डोकावली. "अहो, पोरांना कुकरची रिंग का काढायला लावलीत?"
हसलो. मग हसू थांबलं.

२४ नोव्हें., सोम.
शाळा भरायच्या आधी गेलो. शिपाई म्हात्रेंकडून कपाट उघडून घेतलं, नवी स्लाइड केली. केंद्रक हजर. वरच्या पातळ काचेवर पेन्सिलीचं टोक दाबलं. केंद्रक बाजूला सरकलं. आणखी दाबलं, त्याचे दोन झाले. पेशीविभाजन प्रत्यक्ष पाहिल्याचा क्षणभर आनंद. मग दोन्ही काचेच्या कडेशी गेले आणि फुटले.
हवेचा बुडबुडा.
स्लाइड सरकवली. फिकट विटा. एकेका कडेला बारीक ठिपका.
कॉलेजात प्रॅक्टिकलला पार्टनर बघायचा, मी लिहायचो. अक्षर माझं चांगलं होतं ना. म्हणजे कांद्याची पेशी आज त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिली.

२५ नोव्हें., मंगळ.
पेपरात चूक झाली की पान दोनवर खाली बारीक टायपात दुरुस्ती द्यायची. त्यात मी उस्ताद. फळ्यावर लिहिलं: 'दुरुस्ती. गुरुवारच्या तासाला हवेचा बुडबुडा अनवधानाने केंद्रक म्हणून दाखवण्यात आला.'
ओंकार उठलाच. "म्हणजे सर, अडतीस जणांनी हवा काढली?"
"सदतीस. ऋतुजाचं बरोबर होतं. ते मी खोडायला लावलं."
सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले. ती वहीला कव्हर घालत होती, घालत राहिली.
"सर, अनवधानाने म्हणजे?" ओंकारच.
"म्हणजे चूक कोणाची ते छापायचं नाही."
वर्गाला हे फार आवडलं. मला कमी. तो शब्द पुसला, तिथे लिहिलं: 'सरांनी न बघता'.
सगळ्यांना कोरे कागद दिले. ऋतुजाने कागद घेतला. "सर, बघून काढू की तुम्ही सांगाल ते?" टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. त्यानेच जास्त लागलं.
"बघून."
"आणि तुम्ही परत चूक म्हणालात तर?"
तास संपल्याची घंटा झाली. मला बरंच वाटलं, हेही इथे लिहून ठेवतो.

२७ नोव्हें., गुरु.
वरची काच सुईने तिरकी टेकवत हळू सोडली की हवा राहत नाही. ओंकार प्रत्येक स्लाइडपाशी उभा राहून ओरडतो, "हवा नाही! पुढचा!" सदतीस कागद आले. ऋतुजाचा नाही. तिने आज डोळाच लावला नाही.
परब बाई म्हणाल्या, "मी सांगते तिला. मंगळवारी शिंदे मॅडम येतील, सगळी जर्नल सहीसकट लागतील."
"तू सांगू नकोस. तू सांगितलंस तर तुला हवं तसं काढून देईल."
"मग काय करणार?"
"थांबणार."
"पेपरात असाच थांबायचास का?"
पेपरात कधीच नाही.

१ डिसें., सोम.
शेवटचा दिवस. दुसऱ्या तासाला ऋतुजा न विचारता मायक्रोस्कोपपाशी गेली. कांदा स्वतः सोलला. तास संपला तरी काढतच होती. मग पुढच्या तासाला पळाली. मधल्या सुट्टीत चार घड्यांचा कागद टेबलावर आणून ठेवला.
फिकट विटा, ठिपके. एका कोपऱ्यात जाड कडेचं गोल, त्याला बाण: 'हवा'. खाली: 'पाहिली तशी'. अगदी तळाला, बारीक टायपात म्हणावं तसं: 'सही करण्याआधी सरांनी स्लाइड बघावी.'
गेलो. सावली आली होती. डोळा लावला, नुसता अंधार. चित्र बरोबर आहे हे मला ठाऊक होतं. पेन खिशात होतं.
"सर, सही?"
"दिसत नाहीये. उद्या दहाला येतो."
"उद्या तुम्ही नाही ना."
"येतो."
"स्लाइड वाळेल तोवर."
"मग नवी करू. कांदा मी आणतो."
येईन म्हणाली नाही. नाही म्हणाली नाही. कागद मात्र माझ्याकडेच ठेवून गेली.
मंदा म्हणते, "सुटलात ना त्यातून? आता परत कशाला?"
"अर्धा कांदा लागेल."
"अख्खा न्या. आजवर नेलेला कांदा कधी उरून घरी आलाय?"