नऊ तासांचं लंडन

शुक्रवार, संध्याकाळ

नऊ तास! वालीवच्या कारखान्यात माझी पाळीच बारा तासांची असते.

लंडनला असलेली मानसी मला फोनवर सांगायची, "लंडनहून यायला दोन दिवस जातात रे, परत जायला दोन. गणपतीला कशी येऊ?" मी मानलं. कॉलेज अर्धवट सोडलेला मी, कधी विमानात बसलोय?

आज तिच्यासाठी सुकेळी घेऊन गास गावात तिच्या घरी गेलो. म्हटलं, काकी, म्हणजे तिची आई, पार्सल पाठवतील त्यात घालतील. ओटीवर मोठी बॅग होती, दांड्याला विमानतळाची चिठ्ठी.

काकी हसल्या. "पाठवायचं कशाला? चार दिवस झाले मानसीला येऊन. आता बाजारात गेलीय."

"एवढ्या लांबून?"

"कसलं लांब! नऊ तास. सकाळी बसली, रात्री मुंबईत. तुला बोलली नाही?"

"बोलली होती. मीच विसरलो," म्हणालो आणि बाईकला अशी किक मारली की त्यांचा कुत्रा भुंकत सुटला. सुकेळ्यांची पुडी माझ्याकडेच राहिली.

मोबाइलवर पाहिलं. सात हजारांवर किलोमीटर, आणि खरंच नऊ तास.

विमानाचं सोड. पण ही सुकेळी? मागे पाठवतो म्हटलं तर म्हणाली होती, "नको, पोचेपर्यंत खराब होतील." उन्हात वाळवलेली केळी, महिनोन्महिने टिकतात. तिच्या घरची तर केळीची वाडी आहे. माझी मावशी दरवर्षी अंगणात सुकेळी घालते.

आणि मी तिला म्हणालो होतो, "हो गं, खरंच."