चित्रावर हात ठेवला तेव्हा

ताईस नमस्कार.

मी ठणठणीत आहे. भावोजींचा खोकला थांबला का?

नात फाडफाड वाचते, असं सूनबाई कौतुकाने सांगायची. मी पुस्तकातल्या चित्रावर हात ठेवला, तर पोर गप्प! शाळेत चित्र बघून शब्द ओळखायला शिकवतात. लिहिलंय गाढव, ही वाचते घोडा.

बाईंना जाऊन भेटले. म्हणाल्या, "आजी, अर्थ जवळपास आला की पुरे. वाचन आपोआप येतं."

"आपोआप येतो खोकला. वाचन शिकवावं लागतं. आधी अक्षराचा आवाज शिकवा, असं संशोधन कधीचं ओरडून सांगतंय. तुम्ही ते तरी वाचलंत, की त्यातलीही चित्रंच बघितलीत?"

सूनबाई माझ्याशी बोलत नाही. पण काल पोरीने हळूच विचारलं, "आजी, मी मठ्ठ आहे का?"

परतीचं तिकीट रद्द केलं. तुझ्या ऑपरेशनला मी नसेन. हवं तेवढं रागाव.

तुझी धाकटी