यजमानाने बसायचं नसतं

बेचेय, १९ ऑक्टोबर २००३

प्रिय तिहोमीर,

आम्ही इकडे सगळे ठीक. बाबाही ठीक. यंदा थंडी लवकर आली, कोबी पिंपात खारवायला घालून झाला. तुला फोन केला की तुझी सेक्रेटरी बोलते, म्हणून हे पत्र.

परवा टीव्हीवर दाखवलं, तुला पुन्हा काढून टाकलं. गावात तुझा भाव लगेच वधारला! खेळायचास तेव्हा गोल मारलास की लोक तुझं नाव घ्यायचे. प्रशिक्षक झाल्यापासून तुला हाकललं की घेतात. ग्लिशा न्हाव्याने दुकानात तुझा फोटो लावलाय, क्लबच्या बिल्ल्याचा मुका घेतानाचा. मी विचारलं, "ग्लिशा, हा कितवा क्लब रे?" तर म्हणतो, "विदाताई, मुका मनापासून आहे ना, मग झालं!" आपण पाहुण्याचे तीन मुके घेतो, तेही तो घरात आल्यावर. तू आत पाय ठेवायच्या आधीच घेतोस, आणि दुसरा हिवाळा काही तिथे काढत नाहीस.

तुझ्या सेक्रेटरीचं पत्र पोचलं. "श्री. तिहोमीर यांना आपल्या कुळाच्या संताच्या दिवसाचं, म्हणजे स्लावाचं, रीतसर निमंत्रण पाठवावं व कार्यक्रमाची वेळ कळवावी." अरे गाढवा, स्लावाला कुणी कुणाला बोलावतं का? दार उघडं असतं, ज्याला यायचं तो येतो. आणि घरच्या मुलाला निमंत्रण! दिवस आठ नोव्हेंबर, हेही आता तिला कळवायचं का? शेजारच्या कोसानाकाकूंना वाचून दाखवलं. आधी त्या पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "हे तुझ्या बाबांच्या कानावर घालू नकोस हं, पोरी." नाही घातलं.

बाबा ठीक आहेत हे मी वर खोटं लिहिलं. त्यांचे पाय सुजतात, अंगणापर्यंत गेले तरी धाप लागते. पण स्लावाच्या दिवशी यजमान बसत नाही, उभं राहून पाहुण्यांना वाढतो. म्हणून ते आतापासून चुलीचा कठडा धरून उभं राहायचा सराव करतात. मी आत गेले की काहीतरी शोधत असल्याचं सोंग आणतात. तू मैदानाच्या कडेला उभा राहून बोंबलतोस आणि जग टाळ्या पिटतं. मला शिसारी येते तुझी.

मीच उभी राहिले असते. पण मी सासरची झाले, माझ्या घरचा संत वेगळा. या घरची स्लावाची मेणबत्ती बाबांनंतर तू लावायची, नाहीतर कुणीच नाही.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दिवसभर उभे राहिले तर हृदय तग धरणार नाही. मी घाबरले रे. बाबांना म्हटलं, "यंदा बसा हो, लोक समजून घेतील."

तर म्हणाले, "दिवसभर कुठे? तिहो येईपर्यंतच तर उभं राहायचंय."

तुझ्यावर अजून रागावू शकणारी,
विदाताई