गोंदणाचं कार्ड

२७ डिसेंबर २०२४

चौदा कार्डं झाली. पंधरावं वाया — डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडाला होता आणि माझं लक्षच नाही! शेवंतीच्या शेजारी ठसठशीत अंगठा. ठेवलंय तसंच.

नागेशचा पाय मोडला होता तेव्हाच्या एक्स-रे फिल्मवर आतापर्यंत सहा स्टेन्सिल कापून झाले. कमळ, शेवंती, दोन मोर, पाखरू, पणती. तो म्हणतो, "माझ्या हाडांवर तुझा धंदा चाललाय." चालू दे की! नवरा कुठंतरी कामी यायला पाहिजे.

संध्याकाळी मात्र त्यानं बँकेतून येऊन, चहा झाल्यावर, वेगळंच सांगितलं. त्याच्या शेजारच्या टेबलावरचा चंद्रभान रविवारी परभणीच्या मोतीबिंदू शिबिरात मदतीला होता. यादीत नाव होतं — बायनाबाई लिंबाजी. गाव आमचंच, पाथरीच्या पलीकडचं. उजवा डोळा.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, आणि मला शिबिराच्या यादीवरून कळतं. इथून, मानवतहून, गाव किती लांब? जीपनं तासभर नाही. जेवले नाही.

३० डिसेंबर

झोपेतून उठल्यापासून बाबांचा तोच फोन डोक्यात. चार वर्षांपूर्वीचा. नागेश बौद्ध, आम्ही पाटील म्हणवून घेणारे. कोर्टात लग्न करून मीच कळवलं होतं. बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "आजपासून ह्या घरात तुजं नाव निघणार न्हाई. निघालं तर मी अन्न सोडीन." तेव्हापासून माझा आवाज ऐकला की फोन कट. आईकडे फोन नाही. मी गेले होते एकदा, दोन वर्षांपूर्वी. दाराला आतून कडी. आई आत होती, मला बांगड्या ऐकू आल्या.

तिला वाचता येत नाही. पण आता रंग तर दिसतील ना? डॉक्टरांनी पट्टी काढली असेल. एक कार्ड करते. नुसत्या रंगांचं.

१ जानेवारी २०२५

नवीन वर्षाची सगळी कार्डं बाजूला सारली. आईच्या डाव्या हातावर गोंदलंय ते तुळशीवृंदावन कापायला घेतलं. दोन्ही बाजूंना तीन-तीन ठिपके, त्यातला खालचा एक वाकडा. गोंदणारीचा हात हलला होता म्हणे, आई लय रडली म्हणून. मी लहानपणी त्याच ठिपक्यावर बोट ठेवून झोपायचे.

फिल्म दोनदा फाटली. तिसऱ्यांदा जमलं. वाकडा ठिपका वाकडा कापायलाच जास्त वेळ लागला!

३ जानेवारी

झालं. काय सुंदर झालंय! ब्रश आधी रद्दी कागदावर घासून घेतला, मग कडेकडून आत, हलक्या हातानं गोल गोल. पिवळा, त्यावर नारिंगी, मग राणी रंग. एक कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला ते कळता कामा नये. घाई केली की डाग पडतो. मी घाई केली नाही.

आणि शेवटी, वृंदावन उमटल्यावर, काळ्या शाईचा थेंब पडला वरच्या कोपऱ्यात! पुन्हा करायचं बळ नव्हतं. मग कार्डांच्या व्हिडिओत करतात तसा तो कोपरा हातानंच तिरका फाडला आणि फाटलेल्या कडेवरून तपकिरी शाई फिरवली. मुद्दाम केल्यासारखं दिसतंय. नागेशलासुद्धा तोच कोपरा सगळ्यात आवडला.

पाकीट नको. पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर बाबा न उघडताच फेकतील. पोस्टकार्डासारखं उघडंच पाठवते. मागं लिहिलं — आई, डोळा बरा आहे ना? फार वाकू नको. हे रंग तुझ्यासाठी. राजू.

४ जानेवारी

पेटीत टाकलं. परत येताना उगीच गुणगुणत होते.

९ जानेवारी

काही नाही.

१२ जानेवारी

काही नाही. काय यायचं होतं म्हणा! पण कुणाच्या तरी हाती निरोप धाडता आला असता. गावातून रोज माणसं येतात मानवतला.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगुळाची बत्तीस कार्डं दिली. सगळ्यांना माझी कार्डं गोड लागतात, माझ्या आईला सोडून. मला राग आलाय, आणि तो बाबांचा नाही, आईचा आलाय. एवढी कसली भीती? पुन्हा काही पाठवणार नाही. संपलं.

१६ जानेवारी

सगळं जसं झालं तसं लिहिते.

कार्डशीट आणायला बाजारात गेले होते. दुकानाच्या पायरीवर एक बाई माझ्याकडं बघतच उभी. मग किंचाळली — "आगं माय! राजू? तू जिती हायस?" चुलत भावाची बायको, बबितावहिनी. तिच्या हातातली पिशवी खाली पडली, हरभऱ्याच्या डाळीचा सडा झाला. ती माझे दंड, गाल चाचपायला लागली. लोक बघायला लागले.

चहाच्या टपरीमागं नेऊन तिनं सांगितलं. "तुज्या मरणाचं पत्र आलंय की गं! कोपरा फाडलेलं. आज दहावा हाय तुजा."

मी तिथंच बसले.

लहानपणी पाहिलंय मी हे. वाईट बातमीच्या पत्राचा कोपरा फाडून पाठवायचे. पोस्टमनच्या हातात असलं पत्र दिसलं की आई चूल विझवायची. बाबा ते उंबऱ्याबाहेरच वाचून फाडून टाकायचे, आणि सरळ न्हाणीत जाऊन डोक्यावरून पाणी घ्यायचे. घरात आणायचंच नाही ते. फोन आले आणि तसली पत्रं थांबली. मी साफ विसरले. आणि त्या कोपऱ्याला शाई लावून नटवलं मी! देवा!

"पण वाचलं नाही कुणी?" मी विचारलं.

"कोपरा बघितल्यावर वाचायला काय ऱ्हातंय? काकी एवढंच म्हणल्या, राजूचं हाय. काकांनी ते न वाचताच फाडलं, डोक्यावर पाणी घेतलं. कुणाला सांगू नका म्हणले, तिच्या सासरी कोन जायचं न्हाई. आमच्या दोन घरांतच ठावं हाय."

मग ती पुढचं सांगत गेली. आई ऑपरेशनच्या डोळ्यानं रडायलीय. संक्रांत केली नाही. बाबा नऊ दिवस शेतातल्या आखाड्यावर गेले नाहीत. ट्रंकेतून माझं चौथीतलं चित्रकलेचं प्रमाणपत्र काढून त्यांनी खुंटीवर लावलंय. येता-जाता माझ्याच गोष्टी. राजू अशी बोलायची, राजूला बोरं आवडायची.

आणि आज सकाळी बाबांनी स्वतः कावळ्याला घास ठेवला. कावळा शिवेना. ऊन चढलं तरी बाबा हात जोडून उभे. "घे गं राजू, म्हणायलेत," वहिनी म्हणाली. "शेवटी म्हणले, लय राग हाय तिचा माज्यावर, ती काय घेणार न्हाई."

मी टपरीमागं मोठ्यानं रडले. लाज वाटली नाही.

वहिनी म्हणाली, "खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. पण एकदम दारात उभी राहू नको, धसका घेतील. मी आज सांगते, उद्या तुला फोन करते." नंबर घेऊन गेली.

बाबा रडले. माझ्यासाठी! मी मेले म्हणून का होईना, माझं नाव त्या घरात निघालं. नागेश म्हणतो, दोघं जाऊ. मी म्हटलं, आधी मी एकटी जाते. पिशवी भरून ठेवलीय. आईला गुळाची रेवडी, बाबांना पानाची चंची.

१७ जानेवारी

सकाळी नऊला वहिनीचा फोन.

तिनं सांगितल्यावर बाबांनी एवढंच विचारलं म्हणे, "खरंच बघितलीस?" "तिच्या संगं चहा पिले, काका." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. मग उठले. खुंटीवरचं प्रमाणपत्र काढलं, घडी घातली, ट्रंकेत टाकलं, कुलूप लावलं. आईला म्हणाले, "चूल पेटव. भूक लागली."

आईनं विचारलं, "राजूला बोलवू का मग?"

बाबा म्हणाले, "कोन राजू?"

पिशवी अजून दाराशीच आहे. रिकामी करायला हात जात नाही. ज्या पोरीसाठी कावळ्यापुढं हात जोडले, ती जिवंत निघाली तर चालत नाही. मेलेली चालते. मी काय करू? मरू का खरंच? नागेशसमोर असं बोलले तर त्यानं माझं तोंड दाबलं. तोही रडत होता.

आज एकही कार्ड केलं नाही.

१८ जानेवारी

दुपारी बबितावहिनीच्या फोनवरून आई! चार वर्षांनी तिचा आवाज. मी नुसती माफी मागत होते — कोपऱ्याबद्दल, तिला दिलेल्या दुःखाबद्दल. ती म्हणाली, "गप. पोस्टमननं तवाच वाचून दावलं होतं मला. तू बरी हायस ते त्याच दिवशी कळलं."

मी विचारलं, मग रडत होतीस ते?

"तुजे बाबा आले, त्यांनी कोपरा बघितला. कुणाचं म्हणले. मी म्हणलं राजूचं. ते तितंच बसले आन तुजं नाव घेतलं, राजू म्हणून. मला पुढं बोलवंचना गं. दहा दिवस आमी दोघं तुज्याबद्दलच बोलायलो होतो." मग म्हणाली, "तू जिती हायस हे कशाला सांगू दिलंस इतक्यात?"