मागच्या खोलीतल्या बरणीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, खनिज प्रयोगशाळेतली निवृत्त रसायनतज्ज्ञ, अविवाहित, एकटी राहणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिलाय, तो देताना ते हसले, हे मला आवडलेलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

एक. राहतं घर बहिणीच्या मुलाला द्यावं. भाचा वाईट नाही. फोन करून "मावशी, बरी आहेस ना?" विचारतो आणि मी उत्तर देईपर्यंत त्याला दुसरा फोन येतो. घर विकलं तरी माझी हरकत नाही. या भिंतींशी बोलून बोलून मीच कंटाळले आहे.

दोन. बँकेतली शिल्लक बहिणीला. तिने त्यातून चांगला चष्मा करावा, म्हणजे माझी पत्रं वाचायची राहिली ही सबब उरणार नाही.

तीन. आमच्या मोठ्या साहेबांना काहीही देऊ नये. कारण नोंदवून ठेवते. आमच्याकडची काळी वाळू हलक्या प्रतीची. तिच्यात टायटॅनियम असतं, पण इतकं थोडं की कोणी तिच्याकडे ढुंकून बघत नाही. आम्ही ती गरम ॲसिडात भिजवून टायटॅनियम द्रावणात उतरवत होतो. मग ते द्रावण मंद आचेवर ठेवायचं, म्हणजे टायटॅनियमचा पांढरा साका तळाशी बसतो आणि गाळता येतो. पाहुणे यायचे होते म्हणून साहेबांनी आच वाढवायला लावली. भसकन उकळी आली, साका इतका बारीक पडला की फडक्यात चिखलासारखा रुतला, थेंब खाली उतरेना. पाहुण्यांसमोर साहेब म्हणाले, "या वाळूत दम नाही." विभाग बंद झाला, माणसं पांगली. मी साहेबांना माफ केलेलं नाही, मेल्यावरही करणार नाही.

चार. काचेची भांडी आणि तराजू एखाद्या कॉलेजला द्यावेत. कुठल्या, ते भाच्याने ठरवावं. तेवढे कष्ट त्याला पडू देत.

पाच. मागच्या खोलीत मोठी काचेची बरणी आहे. निवृत्तीनंतरही मी त्याच वाळूवर काम करत राहिले, दुसरं करणार तरी काय? या खेपेचं द्रावण उत्तम उतरलंय. लोखंडी खिळे टाकून ठेवल्यावर त्याला हवी तशी जांभळी झाक आली आहे, म्हणजे वाळूतल्या लोखंडाने साका पिवळा पडणार नाही. पण दिवसभर आचेपाशी उभं राहणं आणि गाळणं आता माझ्याच्याने होत नाही. मी गेल्यावर भाचा बरणी मोरीत ओतणार, हे ठरलेलं आहे. मरणाची मला फारशी भीती नाही, याची वाटते. म्हणून ही बरणी आमच्या विभागातल्या गाळणीवालीला द्यावी. गाळण्याचं काम तिच्याकडे होतं म्हणून तिला आम्ही तसं म्हणायचो. विभाग बंद झाल्यावर ती मुलीकडे राहायला गेली. मी बोलावलं नाही, तीही आली नाही. जेवायच्या सुट्टीत माझ्यासमोर बसणारी ती एकटीच होती, तिची आठवण मला रोज येते.

सहा. इथवर लिहिलं, फोनवर वकीलबाईंना वाचून दाखवलं आणि त्यांनी खोडा घातला. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं, झाला तर त्याला दिलेलं बाद होतं. साक्षीदार दोन हवेत. माझ्याकडे औषधं पोचवणाऱ्या दुकानदाराशिवाय कोणी फिरकत नाही, म्हणून दुसऱ्या सहीला मी गाळणीवालीलाच फोन करून बसले होते.

आज सकाळी ती आली. केस पांढरे झालेत, चालणं तेच. मी तिला अडचण सांगितली: सही कर नाहीतर बरणी घे, दोन्ही जमणार नाही. तिने साहेबांचं कलम दोनदा वाचलं, मागच्या खोलीत जाऊन बरणी उजेडात निरखली आणि परत येऊन म्हणाली, "बाई, तुम्ही आहात तोवरच गाळलं तर काय बिघडतं?"

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. तिने खिडक्या उघडल्या, हातमोजे चढवले, बाह्या सरसावल्या. दिवसभर आच मंद ठेवली. मी खुर्चीतून सूचना देत होते आणि ती "कळतंय मला" म्हणत होती. दुपारी द्रावण दुधाळ झालं, मग साका बसला. फडक्यातून पाणी एकसारखं उतरत गेलं आणि वर मूठभर पांढरं राहिलं. मला रडू आलं, तेही इथे नोंदवते.

सबब पाचवं कलम रद्द. देण्यासारखं काही उरलेलं नाही आणि गाळणीवाली साक्षीदार व्हायला मोकळी आहे.

फडकं धुऊन वाळत घालताना तिने विचारलं, "वाळू अजून आहे का?"

"पोतंभर."

"मग मंगळवारी येते."

सात. त्या पोत्याचं काय करायचं ते आम्ही दोघी बघून घेऊ. भाच्याने त्यात पडू नये.

लिहून ठेवणार: (सही) निवृत्त रसायनतज्ज्ञ

साक्षीदार: (सही) औषधाचा दुकानदार, संध्याकाळी गोळ्या द्यायला आला असता

साक्षीदार: (सही) गाळणीवाली

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली
दिनांक: गाळप झालं तोच, गुरुवार